नागपूरच्या उन्हाळ्यात केफिर

केफिर म्हणजे खास दाण्यांनी आंबवलेलं, हलकं फसफसणारं दूध. त्याच्या कुठल्याही कृतीत एक वाक्य ठरलेलं असतं: दाणे दुधात घाला आणि बरणी २४ तास खोलीच्या तापमानाला ठेवा. हे लिहिणाऱ्याची खोली नागपुरात नसणार. आमच्या स्वयंपाकघरात डिसेंबरच्या पहाटे १८ अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी ओट्याजवळ ३८-३९. तेच दूध, तेच दाणे, पण थंडीत दुसऱ्या दिवशीही पातळ राहतं आणि उन्हाळ्यात सकाळी ठेवलेलं दुपारच्या जेवणाआधी फाटून पाणी-पाणी होतं. म्हणून मी तासांचा हिशेब सोडला आणि बरणीकडे बघायला लागले.

दाणे मिळाले ऑफिसातल्या मैत्रिणीकडून. तिनं ते पुण्याहून आणले होते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, सरळ मागितले. तिनं जॅमच्या छोट्या बाटलीत थोड्या दुधात बुडवून दिले. गाळणीत काढले तर शिजलेल्या फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे दिसले: पांढरट-पिवळट, खडबडीत, बोटानं दाबले तर रबरी. वास आंबूस, त्यात थोडा पावाचा. यात अनेक प्रकारचे जिवाणू आणि यीस्ट एकत्र नांदतात आणि केफिरान नावाची चिकट बहुशर्करा त्यांना बांधून ठेवते. दही कालच्या दह्याच्या चमच्यानं लागतं, तसं केफिरचं खरं बीज म्हणजे हे दाणे. नुसत्या दुधातून ते घरी तयार करता येत नाहीत, दाण्यांतूनच दाणे वाढतात. बाजारात केफिरची पूड मिळते, तिनं काही वेळा केफिर होतं, पण दाणे होत नाहीत. म्हणून मी पुडीच्या नादाला लागले नाही.

घरी आल्यावर बरणी ओट्यावर ठेवली. सासूबाईंनी झाकणाचं फडकं उचलून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "हे नासलेलं दूध काऊन ठेवलं वं पोरी?" सासूबाईंना मी आई म्हणते. आई आर्वीकडच्या. त्यांच्या माहेरी रोज पहाटे डेऱ्यात मही घुसळली जायची, त्यामुळे दूध आणि आंबट यांबाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांची खरी काळजी दुधाची नव्हतीच, विरजणाची होती. "आपल्या दह्याला हे लागलं तं दही बिघडंल." त्यांचं म्हणणं रास्त होतं. केफिरमधलं यीस्ट दह्यात शिरलं तर दही फसफसू शकतं, आणि दह्याचे जंतू केफिरच्या भांड्यात गेले तर दाण्यांच्या घरात पाहुण्यांचा मुक्काम पडतो. तेव्हापासून दोन्हींची भांडी, चमचे, गाळण्या वेगळ्या आहेत. दही कपाटाच्या वरच्या फळीवर, केफिर खिडकीपाशी. इडलीचं पीठ आंबायला ठेवलं असेल तर ते तिसऱ्या कोपऱ्यात.

दह्याचा हात ज्याला सवयीचा आहे त्याला केफिरमध्ये एकच गोष्ट विसरावी लागते, ती म्हणजे कोमट दूध. दह्याला आपण बोट बुडवून सोसेल असं, म्हणजे ४० अंशांच्या आसपासचं दूध घेतो आणि थंडीत तर भांडं गोधडीत गुंडाळतो. केफिरला २० ते २५ अंश मानवतात. उत्तर कॉकेशसच्या डोंगरांत कराचाय आणि बाल्कर लोक चामड्याच्या पिशव्यांत हे करायचे. पिशवी दाराशी टांगलेली असायची आणि येणारा-जाणारा तिला एक ढोसणी द्यायचा, असं सांगतात. तिथली हवा गार, त्यामुळे दाण्यांची सवयही गारव्याची. त्यांना ऊब देणं म्हणजे त्यांच्यातल्या जिवाणूंना मोकाट सोडणं. ते यीस्टच्या पुढे धावतात, आम्ल भराभर वाढतं आणि दूध लवकर फाटतं. चव नुसती आंबट होते, तो हलका फसफसाट येतच नाही.

दूध गवळ्याकडचं असेल तर उकळायचंच. कच्च्या दुधातून येणारे रोग केफिरच्या आंबटपणावर भरवसा ठेवून टाळता येत नाहीत. पिशवीचं पाश्चरीकृत दूध तसंच चालतं, पण मी तेही उकळते, कारण चांगलं तापलेल्या दुधातली निवळीतली प्रथिनं केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि केफिर दाट होतं. दाट दह्यामागचं कारणही हेच. उकळल्यावर मात्र पूर्ण गार होऊ द्यायचं, बोटाला अजिबात ऊब लागता कामा नये.

म्हशीच्या दुधाशी माझं जमलं नाही. चव उत्तम येते, पण स्निग्धांश वर येऊन दाण्यांवर लोण्याचा थर चढतो आणि गाळणीची भोकं बुजतात. मग दाणे चमच्यानं खरवडत बसा. गाईचं दूध सोपं. म्हशीचंच असेल तर उकळून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून, सकाळी वरची जाड साय काढून घ्यायची आणि दूध पुन्हा बाहेरच्या तापमानाला आलं की दाणे घालायचे. सायीचं काय होतं ते पुढे सांगते.

आता बरणी. काचेची, तोंड मोठं, पाऊण भरलेली. वर सुती फडकं आणि रबर. प्रमाण ऋतूवर आहे. थंडीत अर्धा लिटर दुधाला एक मोठा चमचा गच्च भरून दाणे, उन्हाळ्यात तेवढ्याच दुधाला एक चहाचा चमचा. उन्हाळ्यात लोक वेळ कमी करतात. मी दाणे कमी करते, कारण वेळ कमी केली तर पहाटे तीनला उठून गाळायची पाळी येते आणि नोकरी करणाऱ्या बाईला ते परवडत नाही. दाणे कमी म्हणजे खाणारी तोंडं कमी, दूध पुरवून पुरवून खाल्लं जातं.

तयार झालं हे कसं कळतं? बरणी हलकेच तिरकी करायची. दूध वाहत नाही, एकसंध सरकतं आणि काचेपासून सुटतं. दाणे बुडबुड्यांमुळे वर तरंगत आलेले असतात. बरणीच्या तळाशी किंवा बाजूला काचेला चिकटून निवळीचे छोटे छोटे कप्पे दिसू लागतात, हिरवट-पिवळ्या रंगाचे, मुगाच्या दाण्याएवढे. हे कप्पे दोन-चार दिसले की गाळायचं. ते एकमेकांना मिळून मधोमध निवळीचा पट्टा झाला तर उशीर झाला. तेही पिता येतं, पण ढाण आंबट असतं आणि ढवळलं तरी रवाळ राहतं.

गाळताना मी स्टीलची गाळणी वापरते. धातू चालत नाही असं सगळे सांगतात. चांगलं स्टील तेवढ्या वेळापुरतं खुशाल चालतं. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ मात्र नको, आम्लानं ते दुधात उतरतं. केफिर गाळणीत ओतायचं आणि लाकडी चमच्यानं गोल गोल फिरवायचं. दाट केफिर थेंबाथेंबानं खाली पडतं आणि शेवटी दाणे उरतात, त्यांच्यावर चिकट, तार सुटणारा लपेटा असतो. तो धुवायचा नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन दाण्यांना सोसत नाही आणि तो चिकटपणा हीच त्यांची तब्येत. दाणे तसेच नव्या दुधात. बरणी मात्र दोन-तीन दिवसांनी धुवून कोरडी करायची, काठावर वाळलेल्या थरात बुरशी धरते.

मार्च संपता संपता खरी परीक्षा सुरू होते. फ्रीजमध्ये ठेवलं तर दाणे झोपतात, बाहेर ठेवलं तर खवळतात. उपाय सुचला तो माठाकडे पाहून. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणूनच इथे माठ आणि कूलर चालतात. मुंबईत दोन्ही नुसते नावाला. मी एका परातीत तीन बोटं पाणी भरते, मध्ये बरणी ठेवते आणि बरणीभोवती जुना पंचा गुंडाळते, त्याची टोकं पाण्यात बुडलेली. पंचा वातीसारखं पाणी वर ओढतो, वारा ते उडवतो आणि बरणी गार राहते. परात हॉलमध्ये कूलरच्या वाऱ्यावर. बाहेर ४४ अंश असताना बरणीतलं दूध २७-२८ वर राहिलेलं मी स्वयंपाकाच्या थर्मामीटरनं मोजलंय. चमचाभर दाण्यांना एवढं पुरतं. रात्री दहाला ठेवलं की सकाळी आठ-नऊला गाळण्याजोगं होतं. परातीतलं पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास. आणि लाइट गेली की कूलर बंद, पंचा कोरडा, दूध फाटलेलं. त्या दिवशी कढी.

पावसाळ्यात ही परात निरुपयोगी होते. हवेतच इतका ओलावा असतो की पंच्यातलं पाणी उडत नाही, नुसता कुबट वास येतो. पण तेव्हा पारा तसाही खाली आलेला असतो. पावसाळ्याचा त्रास म्हणजे चिलटं. आंबट वासावर ती कुठूनही येतात आणि विरळ फडक्यातून आत शिरतात, म्हणून घट्ट विणीचा पंचा दुहेरी करून लावायचा. गुलाबी, नारिंगी किंवा काळी छटा कुठेही दिसली तर दाण्यांसकट फेकायचं, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

थंडीत उलटी गंमत. इथली थंडी थोडकीच असते, पण तेव्हाचं केफिर वर्षातलं सर्वांत चांगलं. हळूहळू होतं, दीड दिवस लागतो, यीस्टला सवड मिळते आणि पेल्यात ओतल्यावर जिभेला बारीक टोचणारे बुडबुडे लागतात. याच दिवसांत आंबिया बहराचा संत्रा बाजारात असतो. दाणे गाळून काढलेलं केफिर बाटलीत भरायचं, त्यात संत्र्याच्या सालीचा दोन बोटं रुंद तुकडा टाकायचा. आतला पांढरा गर चमच्यानं खरवडून काढायचा, नाहीतर कडवटपणा उतरतो. झाकण लावून रात्रभर बाहेर ठेवायचं, सकाळी साल काढून फ्रीजमध्ये. सालीतल्या तेलाचा वास दुधात मुरतो, आंबटपणा गोलसर होतो. बाटली गळ्यापर्यंत भरू नये आणि मधे एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा. काचेची पातळ बाटली तर नकोच, आत दाब चढतो. गच्च बंद बाटलीचं झाकण एकदा सिंकवर उघडलं तर केफिर टाइल्सपर्यंत गेलं. साखर, फळांचा गर वगैरे घालून लोक काय काय करतात. मला संत्र्याच्या सालीपुढे काही रुचलं नाही.

रोजचं पिणं मात्र साधं: अर्धं केफिर, अर्धं माठातलं पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव, चिमूटभर हिंग, कोथिंबीर. मठ्ठाच, फक्त थोडा फसफसणारा. आलं-मिरचीचं वाटण घातलं तर केफिरची चव मरते.

श्रीखंड करू नये. मी चक्का बांधून पाहिला. निवळ छान निथळते, चक्काही गुळगुळीत होतो, पण साखर आणि वेलचीच्या मागून यीस्टचा वास डोकावत राहतो. त्याच चक्क्यात मीठ, ठेचलेला लसूण आणि मिरपूड घातली की भाकरीबरोबर झकास लागतो. निथळलेली निवळ थालीपिठाच्या पिठात. फार आंबलेल्या केफिरची कढी चांगली होते, बेसन असल्यामुळे फुटत नाही. त्यातले जंतू अर्थातच उकळीत मरतात, चव उरते.

आता ज्यासाठी लोक मुख्यतः हे करतात ते, म्हणजे आरोग्य. आंबवलेल्या दुधाला औषधाची कीर्ती मिळवून देण्यात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकोव्ह यांचा वाटा मोठा. १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यांचं आंबट दूध प्या, दीर्घायुषी व्हा हे सांगणं. ते स्वतः ७१ व्या वर्षी, १९१६ मध्ये गेले. मला दिसलेला फरक एवढाच: नुसतं दूध प्यायलं की माझं पोट गुबारतं, केफिरनं नाही. दुधातल्या लॅक्टोज या साखरेपैकी काही भाग दाण्यांनी आधीच खाल्लेला असतो, त्यात आश्चर्य काही नाही. पण तेवढं तर ताकानंही होतं. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्यांनी असले जिवंत पदार्थ डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

आईंनी एकदा विचारलं, "यात दारू असते म्हणे?" असते. यीस्ट आहे म्हटल्यावर थोडं मद्यार्क होणारच, घरच्या केफिरमध्ये साधारण एक टक्क्याच्या आत, बरणी जास्त वेळ ठेवली तर वाढतं. खोटं कशाला बोलायचं. त्या दिवसापासून आई एकादशीलाच काय, एरवीही केफिर तोंडाला लावत नाहीत. ताकावर ठाम आहेत.

पण त्यांनी केफिरला दुसऱ्या दारानं घरात घेतलं. रोजच्या दुधावरची साय फ्रीजमधल्या भांड्यात साठते आणि आठवड्यानं लोणी काढलं जातं. त्या सायीला विरजण म्हणून एरवी चमचाभर दही घालतात. एका थंडीत घरातलं दही संपलं होतं, तेव्हा मी गाळलेलं केफिर दोन चमचे घातलं, दाणे नाहीत, नुसता द्रव. साय रात्रभर बाहेर ठेवून सकाळी घुसळायला घेतली. आई अजून लाकडी रवीनं घुसळतात, मिक्सर त्यांना पटत नाही. नेहमीसारखंच झालं: आधी फेस, मग दाट, मग रवीचा आवाज बदलला, जड झाला, आणि पिवळसर रवा वर आला. त्यांनी कोमट पाणी घातलं, रवा गोळा झाला. सायीतल्या स्निग्धांशाचा काही भाग घट्ट आणि काही मऊ असावा लागतो, तरच कण एकमेकांना धरतात. म्हणून उन्हाळ्यात बर्फ आणि थंडीत कोमट पाणी, हे शास्त्र आईंच्या हाताला ठाऊक आहे. लोण्याचा वास नेहमीपेक्षा खमंग होता. त्यांनी बोटावर घेऊन चाखलं, काही बोलल्या नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात सायीचं भांडं माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "ते तुझं टाक थोडं." खाली उरतं ते ताक त्या पितात. ते कशाचं आहे हा विषय आम्ही दोघी काढत नाही.

गावाला जायचं असलं की दाणे ताज्या दुधात बुडवून फ्रीजमध्ये. दोन-तीन आठवडे सहज तग धरतात. परत आल्यावर पहिलं-दुसरं दूध नीट लागत नाही, उग्र वास येतो, ते झाडांच्या आळ्यात पाणी मिसळून घालते. मग गाडी रुळावर येते. जास्त दिवस जायचं असेल तर दाणे पंख्याखाली मलमलीवर सुकवून दुधाच्या पावडरीत ठेवता येतात. सुकलेले उठवायला मात्र बराच धीर लागतो.

हवा मानवली तर दाणे फार वाढतात. दोन-तीन आठवड्यांत दुप्पट. जास्तीचे काढले नाहीत तर तेच दूध भराभर संपतं आणि सगळं आंबट होत जातं, म्हणजे वाढ झाली की वाटणं भागच. थोडे मी धिरड्याच्या पिठात वाटून घालते, बाकीचे मागेल त्याला देते. नेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी महिन्याभरानं सांगतात की मेले. चौकशी केली की कारण जवळजवळ नेहमी एकच निघतं: दही लावायच्या सवयीनं कोमट दुधात घातले. आता मी देतानाच बाटलीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिते, "दूध गार". आणि एप्रिल-मेमध्ये मागायला आलं तर परात, पंचा आणि कूलर आहे का ते आधी विचारते. नसेल तर दिवाळीनंतर या म्हणते.